जुन्या वचनांचा हिशेब

ज्यांचा संगणकाशी संबंध चार पत्रे टंकण्यापुरता आणि रेल्वेचे आरक्षण करण्यापुरताच येतो, त्यांना विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तीन कार्यप्रणालींच्या अनुयायांमध्ये चाललेला तंटा निरर्थक वाटावा यात नवल नाही. कारण ब्राउझर तिन्हींवर एकाच तऱ्हेने उघडतो, आणि तो उघडल्यावर त्यामागे अंमल कोणाचा आहे याची विचारपूस करण्याचे त्यांना काही कारण पडत नाही. परंतु ज्यांची उपजीविका प्रोग्राम लिहिण्यावर किंवा दुसऱ्यांनी लिहिलेले चालते ठेवण्यावर आहे, ज्यांच्या बोटांना माऊसपेक्षा कीबोर्ड आणि डोळ्यांना चित्रांपेक्षा टर्मिनलमधला मजकूर अधिक परिचयाचा आहे, त्यांच्या दिवसाचे आठ-दहा तास ज्या प्रणालीच्या अंमलाखाली जातात तिचा स्वभाव, तिच्या खोडी आणि तिचे कायदे हा त्यांच्या लेखी जिव्हाळ्याचा आणि प्रसंगी हातघाईचा विषय होऊन बसतो.

अशा दोन जाणकारांचा वाद मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. त्यांतले एक माझे स्नेही, ज्यांना सारी आळी मामा म्हणूनच ओळखते. छापखान्यांसाठी लहानमोठे प्रोग्राम लिहिण्यात त्यांची हयात गेली, आणि पेजमेकरात जुळवलेला, आठ बिटांच्या जुन्या फाँटांत अडकून पडलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून देणारा त्यांचा एक प्रोग्राम आजही काही प्रकाशकांच्या दप्तरी कामाला येतो. दुसरी त्यांची सख्खी भाची. पुण्यातल्या एका कंपनीत सर्व्हरांची निगराणी हे तिचे काम, आणि आर्च लिनक्स हे तिचे दैवत. मी स्वतः मॅक वापरतो, आणि त्यामुळे दोघांच्याही मते या वादात तोंड घालण्यास अपात्र ठरतो. तरी श्रोत्याला जी मुभा असते ती मी वेळोवेळी घेतली आहे.

मामांचा पक्ष असा. "कार्यप्रणालीची किंमत ती नवे काय देते यावरून करण्याची जी रीत पडली आहे, ती मला मुळातच मान्य नाही," ते म्हणाले. "नवे देणे सोपे असते. काल लिहिलेला प्रोग्राम उद्या चालेल काय, आणि लिहिणारा निवर्तल्यावर त्याच्या पश्चातही चालेल काय, हा खरा सवाल. माझा फाँट बदलणारा प्रोग्राम मी विंडोज 98 च्या अमदानीत बांधला. त्यानंतर एक्सपी आले, व्हिस्टा येऊन गेले, सात, आठ, दहा झाले. तीच फाइल, एक अक्षर न बदलता, आजही डबल-क्लिक केल्याबरोबर उघडते. हे आपोआप झालेले नाही. सिमसिटी नावाच्या खेळाची हकिकत तू ऐकली असशील. तो विंडोज 3 वर बिनतक्रार चाले, पण त्यात एक चूक दडलेली होती : वापरून परत केलेल्या मेमरीतूनच तो पुन्हा वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ती मेमरी तेवढ्यात दुसऱ्या कोणाला दिली जात नसे, म्हणून हे पाप झाकलेले राहिले. विंडोज 95 च्या चाचणीत मात्र खेळ कोसळू लागला. दोष सर्वस्वी खेळाचा. तरीही विंडोजच्या माणसांनी आपल्याच प्रणालीत अशी तजवीज केली, की सिमसिटी चालू असल्याचे दिसताच मेमरीची देवघेव करण्याची रीत तेवढ्यापुरती बदलावी आणि मोकळी केलेली जागा काही वेळ तशीच राहू द्यावी. जोएल स्पोल्स्की यांनी हे लिहून ठेवले आहे. परक्याच्या चुकीचा भार आपल्या शिरावर घेऊन गिऱ्हाइकाने दाम मोजून आणलेली वस्तू चालू ठेवणे, याला मी सचोटी म्हणतो."

"आणि मी त्याला पागडीचा वाडा म्हणते," भाची म्हणाली. "1947 च्या भाडेकायद्याच्या आधाराने बसलेला एकही भाडेकरू उठवता येत नाही, म्हणून एकही भिंत पाडता येत नाही. मामा, तुम्ही विंडोजमध्ये कॉन नावाचा फोल्डर करून पाहा. होत नाही. ऑक्स होत नाही, नल होत नाही. का, तर 1981 साली डॉस आले तेव्हा त्याला फोल्डर ही चीजच ठाऊक नव्हती, आणि पडदा, छपाईयंत्र वगैरे साधनांसाठी ही नावे राखून ठेवलेली होती. पुढे फोल्डर आले, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरात राखीवच राहिली. फाइलच्या संपूर्ण पत्त्याला 260 अक्षरांची मर्यादा आहे ती अशीच. नोडचे प्रकल्प फोल्डरात फोल्डर घालत इतके खोल उतरतात, की ही मर्यादा ओलांडली जाऊन फाइली पुसतासुद्धा येत नाहीत, असे प्रसंग आमच्या धंद्यात कोणाला आले नाहीत ते विचारा. 2016 साली ती उठवण्याची सोय झाली खरी, पण ती मालकाने मागून घ्यावी लागते आणि प्रोग्रामनेही तशी लेखी कबुली द्यावी लागते. सेटिंग्जचे नवे दालन 2012 साली विंडोज 8 बरोबर उघडले. जुने कंट्रोल पॅनेल अद्याप बंद व्हावयाचे आहे."

"वाडा असेल," मामा म्हणाले, "पण त्याचा पाया तू समजतेस तितका जुना नाही. डिजिटल कंपनीत व्हीएमएस रचणारे डेव्ह कटलर 1988 साली मायक्रोसॉफ्टमध्ये आले, आणि त्यांनी नव्याने बांधलेले एनटी 1993 साली बाहेर पडले. आजचे विंडोज त्याच्यावर उभे आहे, डॉसवर नव्हे. आणि वाड्यात माणसे राहतात ना? तुझ्या लिनक्सच्या नव्या इमारतीत राहणाऱ्यांना दर दोन वर्षांनी जिना कोठल्या बाजूला गेला ते शोधावे लागते."

या टोमण्यावर भाची चिडेल असे मला वाटले होते. पण तिने उत्तर शांतपणे दिले, आणि माझ्या मते साऱ्या वादातले सर्वांत विचारार्ह बोलणे तेच होते. "वचन लिनक्सही पाळते, मामा. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांचा दंडक असा, की कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, केलेल्या बदलामुळे बाहेरचा चालता प्रोग्राम मोडला, तर चूक कर्नेलची, प्रोग्राम कितीही वेडावाकडा लिहिलेला असो. आणि हा दंडक मोडू पाहणाऱ्या सहकाऱ्यांची त्यांनी 2012 साली उघड पत्रात कोणत्या शब्दांत संभावना केली होती ते सर्वांना माहीत आहे. पण माझा लिनक्सवरचा लोभ एवढ्यासाठी नाही. परवा आमच्याकडे एक प्रोग्राम सुरू होताना उगीच अडखळत होता. त्याच्यामागे एस-ट्रेस ही कमांड लावली. मग तो कर्नेलकडे जी जी मागणी करतो, म्हणजे ही फाइल उघड, ती वाच, या पत्त्याशी जोडून दे, ती ती ओळीमागून ओळ पडद्यावर उमटू लागली. आणि एका ओळीवर तो गप्प बसला. पाहते तो कधीच बंद झालेल्या एका सर्व्हरला तो नाव विचारत होता, आणि उत्तर येत नाही म्हणून नियमाप्रमाणे पाच सेकंद वाट पाहून मग दुसऱ्याकडे जात होता. त्या सर्व्हरचा पत्ता रिझॉल्व्ह-कॉन्फ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत होता. ती ओळ खोडली, अडखळणे संपले. यात कोणाला अर्ज करावा लागला नाही आणि कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागली नाही."

"हे विंडोजमध्ये होत नाही असे तुला वाटते काय?" मामा म्हणाले. "मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस मॉनिटर चालवून पाहा. कोणता प्रोग्राम कोणती फाइल आणि रजिस्ट्रीतली कोणती नोंद केव्हा चाळतो, ते क्षणाक्षणाने दिसते. मायक्रोसॉफ्टने 2006 साली त्यांची कंपनीच घेऊन टाकली, आणि ती साधने आजही फुकट मिळतात."

"दिसते, पण त्यापुढे काय? पलीकडचा सोर्सकोड पाहण्याची मुभा तुम्हाला नाही. चूक कोठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते, हात लावता येत नाही."

"आणि तू हात लावतेस? किती वेळा कर्नेल दुरुस्त केलेस?"

भाचीने कबूल केले, की स्वतः कर्नेल दुरुस्त करण्याची पाळी तिच्यावर आलेली नाही. पण ज्यांच्यावर आली त्यांनी दुरुस्त केलेले तिला वाचता येते, आणि एखादी चूक अमुक आवृत्तीत शिरली व तमुक आवृत्तीत निघाली हे टोरवाल्ड्स यांनीच 2005 साली रचलेल्या गिटच्या नोंदींतून, इनामाच्या कागदपत्रांतून वंशावळ काढावी तसे, काढता येते. मामांनी मान डोलावली. पण त्यांच्या भात्यात याहून तीक्ष्ण बाण होता.

"2014 साली पोर्टलंडला डेबियनच्या परिषदेत टोरवाल्ड्स यांनी काय सांगितले ते तूही ऐकले असशील. पाणबुड्यांनी आपल्या बुड्यांची नोंद ठेवावी म्हणून त्यांनी सबसर्फेस नावाचा प्रोग्राम सुरू केला. आणि तो विंडोजसाठी व मॅकसाठी तयार करून देता येतो, पण लिनक्ससाठी मात्र नाही, अशी तक्रार लिनक्सच्या जनकाला लिनक्सच्याच भक्तांपुढे करावी लागली. कारण कर्नेल एक असले तरी त्याच्या वर बसलेल्या लायब्रऱ्या डेबियनमध्ये एका आवृत्तीच्या, फेडोरात दुसऱ्या, आणि तुझ्या आर्चमध्ये आज सकाळी आल्या त्या. म्हणजे हुजुराने वचन पाळायचे, आणि मधल्या कारकुनांनी प्रत्येकाने आपापले फर्मान काढायचे! 2011 साली नोमच्या कर्त्यांनी सारा डेस्कटॉप उलटापालटा केला, लोक रागावले, जुन्या नोममधून मेट फुटून निघाले. 2014 साली सिस्टिमडीवरून डेबियनमध्ये मतदान झाले, त्यातून देवुआन फुटले. पडदा रंगवण्याचे काम 1987 पासून एक्स-11 करत होते. 2008 साली वेलँड सुरू झाले, आणि पडद्याचे चित्र दुसऱ्याला दाखवायचे म्हटले की कोणता प्रोग्राम कोणाच्या राज्यात आहे याची चौकशी तुम्ही लोक अजून करता."

"फ्लॅटपॅक आहे, ॲपइमेज आहे," भाची म्हणाली. पण तिच्या स्वरात पहिला जोर नव्हता. "आणि माझ्याजवळ सोर्स असला तर मी प्रोग्राम पुन्हा बांधून घेते. बायनरी टिकलीच पाहिजे हा आग्रह ज्यांच्याजवळ सोर्स नसतो त्यांचा."

"बरोबर. म्हणजे ज्यांच्याजवळ सोर्स नाही त्यांना तुझ्या राज्यात वतन नाही."

येथे माझे मत नोंदवतो. मामांचा हा शेवटचा वार बिनतोड आहे असे मला वाटले, आणि लिनक्सच्या डेस्कटॉपची गाडी इतकी वर्षे कोठे अडली याचे कारण मी कोणाला सांगावयाचे झाले तर हेच सांगेन. रूप ओबडधोबड आहे, खेळ नाहीत, ड्रायव्हर नाहीत ही कारणे एके काळी खरी होती, पण ती हळूहळू निकालात निघत आहेत, आणि हे मात्र त्या पंथाच्या श्रद्धेतूनच उपजलेले आहे.

मग गाडी माझ्यावर आली. "काकांचे मॅक दिसायला देखणे," भाची म्हणाली, "आणि युनिक्सची सनद 2007 पासून त्याच्याजवळ आहे, हेही मान्य. पण काका, तुमच्या यंत्रावरचे बॅश 2006 सालच्या 3.2 या आवृत्तीवर थिजलेले आहे; पुढच्या आवृत्त्या जीपीएलच्या तिसऱ्या मसुद्याखाली आल्या, आणि ॲपलने त्या आजवर सोबत दिलेल्या नाहीत. लिनक्स कर्नेलचा सोर्स तुमच्या डिस्कवर नीट उतरतदेखील नाही. त्याच्या नेटफिल्टर विभागात एक्सटी-कॉनमार्क नावाच्या दोन फाइली आहेत, एकीतले कॉनमार्क थोरल्या रोमन लिपीत, दुसरीतले धाकट्या. आणि मॅकची डिस्क, मुद्दाम निराळी बांधली नाही तर, या दोन नावांत भेदच मानत नाही. एक फाइल दुसरीवर बसते, आणि गिट सांगू लागते की तुम्ही काहीतरी बदलले आहे."

मामांनी आणखी भर घातली. "वचनाचे तर नावच काढू नका. मोटोरोलाचे प्रोसेसर टाकून 1994 साली पॉवरपीसी, ते टाकून 2006 साली इंटेल, तेही टाकून 2020 साली स्वतःचा. दर वेळी मध्ये एक दुभाषा बसवतात आणि पुढे त्यालाही रजा देतात. पॉवरपीसीचे प्रोग्राम चालवणारे रोझेटा 2011 साली काढून टाकले. 2019 च्या कॅटलिनाने बत्तीस बिटांचे सारे प्रोग्राम एका रात्रीत नामंजूर केले. 2022 साली एका किरकोळ म्हणवलेल्या अपडेटमधून पायथनची दुसरी आवृत्ती गेली. माझा प्रोग्राम मी मॅकसाठी लिहिला असता तर तो आतापर्यंत चार वेळा मेला असता."

मी बचाव केला तो तत्त्वाचा नव्हे, बोटांचा. टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी या कळा मिळून चालू काम थांबवतात. हा युनिक्सचा जुना रिवाज. विंडोज आणि लिनक्स दोघांनीही मजकुराची नक्कल करण्यासाठी याच दोन कळा मुक्रर केल्या, त्यामुळे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये शिरल्यावर नक्कल करण्यास शिफ्टची जोड द्यावी लागते आणि विसरलात तर चाललेले काम मरते. मॅकवर नक्कल करण्याचे काम कमांड कळीकडे असल्याने कंट्रोल मोकळी राहिली. तंटा मुळातच उद्भवत नाही. शिवाय कंट्रोल आणि ए दाबले की ओळीच्या आरंभी, कंट्रोल आणि ई दाबले की शेवटी, ही ईमॅक्सची चाल मॅकच्या पत्रलेखनाच्या चौकटीतदेखील चालते. या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण दिवसभरात किती वेळा बोटे या कळांवर जातात याचा विचार केला, म्हणजे कार्यप्रणालीचा खरा परिचय जाहिरातीत लिहिलेल्या गुणांपेक्षा अशा ठिकाणीच होतो असे दिसून येईल. भाचीने हे मान्य केले, आणि आपण लिनक्सवर कळांची हीच मांडणी स्वतः बसवून घेतली असल्याचेही सांगितले. तिला ती बसवून घ्यावी लागली, एवढेच मी म्हणालो.

आणि हे बोलणे चालू असतानाच मला वाटू लागले, की तिघेही एकमेकांवर वचनभंगाचा जो आरोप करतात तो चुकीच्या न्यायालयात दाखल झालेला आहे. वचन तिन्ही प्रणालींनी दिले आहे. ते ज्याला दिले ती असामी निरनिराळी आहे. विंडोजने ते जुन्या प्रोग्रामच्या धन्याला दिले, मग तो प्रोग्राम लिहिणारा जिवंत असो वा नसो. लिनक्सने ते सोर्स वाचू शकणाऱ्याला आणि वाचण्यासाठी वेळ मोजण्यास तयार असलेल्याला दिले. ॲपलने ते पुढच्या यंत्राला, म्हणजे पर्यायाने ते यंत्र विकत घेणाऱ्याला दिले. आणि एम-1 प्रोसेसर असलेले मॅक हाती घेतल्यावर, विजेची तार न लावता दिवसभर चालणारे, पंखा नसलेले यंत्र वापरल्यावर, ते वचन पोकळ होते असे मला तरी म्हणवत नाही. खुद्द टोरवाल्ड्स यांनी जुलै 2022 मध्ये कर्नेलची 5.19 ही आवृत्ती ॲपलच्याच लॅपटॉपवरून प्रसिद्ध केली होती, अर्थात त्यावर ‘असाही’ नावाचा लिनक्स चढवून.

प्रोग्राम बंदिस्त करून चालवणाऱ्या कंटेनरांच्या प्रश्नावर मात्र भाचीची बाजू वरचढ ठरली. 2013 साली डॉकर आले, आणि पाहता पाहता सर्व्हरचे सारे जग लिनक्स कर्नेलमधल्या नेमस्पेस आणि सीग्रुप या दोन सोयींवर उभे राहिले; ते काम लिनक्सवाचून होत नसल्याने मॅकवर आणि विंडोजवर डॉकर चालवताना पडद्याआड एक छोटे लिनक्स यंत्र चालू ठेवावे लागते. मायक्रोसॉफ्टने 2016 साली विंडोजमध्येच उबुंटू चालवण्याची सोय जाहीर केली, तेव्हा आरंभी ती लिनक्सची नक्कल होती. 2019 साली जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत खरेखुरे लिनक्स कर्नेलच आणून बसवले. "ज्याला एके काळी शत्रू मानले, त्याला घरात ठेवून घेणे यालाच मी शहाणपण समजतो," मामा म्हणाले. "मला एकाच यंत्रावर पेजमेकर मिळतो आणि तुझे बॅशही मिळते."

"मिळते, जोवर दोघे आपापल्या खोलीत आहेत तोवर. प्रकल्पाच्या फाइली सी ड्राइव्हवर ठेवून उबुंटूकडून गिट चालवा, आणि हजारो बारीक फाइलींची खानेसुमारी करताना दर फाइलीमागे सरहद्दीवर जकात भरावी लागते; चहा करून परत आले तरी संपलेले नसते. म्हणून जाणते लोक सगळे काम उबुंटूच्याच बाजूला हलवतात, आणि विंडोजचा उपयोग खिडकी म्हणून करतात. मग खिडकीसाठी एवढा खटाटोप कशाला?"

मामांनी यावर युक्तिवाद केला नाही. विषय सुरक्षिततेकडे वळवला. पण तेथे दोघांचे पारडे समान राहिले : 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे, सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे कोसळली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले पास वाटण्याची पाळी आली, हे भाचीने सांगितले, तर त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सच्या एक्सझेड लायब्ररीत कोणा अज्ञाताने दोन-अडीच वर्षे सज्जनाचे सोंग घेऊन चोरदरवाजा बसवल्याचे उघडकीस आले होते, हे मामांनी. तो दरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांच्या ध्यानात आला तो एसएसएचने आत शिरताना लागणारा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकल्यामुळे. सोर्स उघडा नसता तर त्यांना माग काढता आला नसता, असे भाची म्हणाली; आणि फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये आहेत, असे मामा म्हणाले. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांचा ताळमेळ कसा घालावा हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

देवनागरीबद्दल, मामांचा तो जन्माचा विषय असूनही, वाद फारसा झालाच नाही. विंडोज 2000 बरोबर मंगल फाँट आला, तेव्हा जोडाक्षरे जुळवून दाखवणारे ते पहिले विंडोज. पुढे रेड हॅटने लोहित फाँट मोकळे केले आणि त्यांवरचे बरेचसे काम पुण्यातच झाले. आणि आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस व अँड्रॉइड या साऱ्यांत अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ हे एकच यंत्र करते. दऱ्याखोऱ्यांतला ऱ्य आता तिन्ही प्रणालींवर नीट उमटतो. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला कळावे लागते, आणि फाँटातही ती वळणे असावी लागतात. त्या बाबतीत हलगर्जी करणारे प्रोग्राम तिन्ही राज्यांत सारखेच आढळतात, असा मामांचा निर्वाळा आहे.

खरा पेच नंतर निघाला, आणि तो कोणाच्या युक्तिवादातून निघाला नाही. मामांच्या यंत्रात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. विंडोज 11 ला आठवी पिढी लागते. टीपीएम नावाचे कुलूप दुसऱ्या आवृत्तीचे लागते. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत ठेवली आहे, ती संपल्यावर सुरक्षेची डागडुजीही बंद. यंत्र धडधाकट आहे, मेमरी भरपूर आहे, आणि मामांना नवे घ्यावयाचे नाही, कारण त्यांच्या मते हे प्रोग्रामला दिलेले वचन पाळून यंत्राला दिलेले मोडण्यासारखे आहे. "नव्या यंत्रावर माझा प्रोग्राम चालेल, हे मला ठाऊक आहे," ते जरा कडवटपणेच म्हणाले. "पण नवे विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्टकडे आधी खाते काढावे लागते. स्वतःच्या दारात स्वतःचे नाव सांगून आत जायचे!"

भाचीने वाद घातला नाही. तिने पिशवीतून डेबियनचा पेनड्राइव्ह काढला, मामांचे यंत्र त्यावरून सुरू केले, त्यावर विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे वाइन चढवले, आणि विंडोजच्या डिस्कवरून तो 98 सालच्या बांधणीचा प्रोग्राम उघडला. तो उघडला. खिडकी तीच, करड्या रंगाची, बटणेही तीच. मात्र नमुन्याच्या चौकटीत देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी दिसू लागली. मामा हसले, पण तिने आठ बिटांचा जुना फाँट डिस्कवरून शोधून वाइनच्या फोल्डरात टाकला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, आणि खिचडीच्या जागी एका दिवाळी अंकाचे संपादकीय दिसू लागले. मामांनी फाइल बदलावयास लावली, निकाल युनिकोडमध्ये तपासला, मग मुद्दाम एक बिघडलेली फाइल देऊन पाहिली. ती जशी विंडोजवर नाकारली जाते तशीच येथेही नाकारली गेली, त्याच शब्दांत. वाइनचे काम 1993 पासून चालू आहे, विंडोज 11 ने ज्यांना सोडून दिले ते सोळा बिटांचे प्रोग्रामसुद्धा त्यावर पुष्कळदा चालतात, आणि लिनक्सवर दीर्घकाळ टिकणारी बायनरी हवी असेल तर ती विंडोजसाठी बांधावी असे तिच्या व्यवसायात थट्टेने म्हटले जाते, हे तिने सांगितले. ही थट्टा ऐकून मामांना जितका आनंद झाला तितका तिला झालेला दिसला नाही.

मग तहनाम्याची कलमे ठरली. विंडोजची डिस्क पुसावयाची नाही. डेबियन वेगळ्या डिस्कवर बसवावयाचे. आर्च मुळीच नको, हे मामांचे दुसरे कलम. भाचीने ते, किंचित थांबून, मंजूर केले, कारण ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ला पाच वर्षे डागडुजी मिळणार आहे आणि तेवढ्या काळात त्यातली लायब्ररी मध्येच बदलणार नाही. पेजमेकर वाइनवर छपाईच्या वेळी दगा देईल अशी भीती तिलाच वाटत होती, म्हणून त्याच्यासाठी एक आभासी यंत्र करून त्यात एक्सपी ठेवावयाचे आणि त्याला इंटरनेट द्यावयाचे नाही, हे तिसरे. मामांनी ही कलमे कागदावर उतरवून तिची सही मागितली. तिने सही केली. पण खाली स्वतःच्या हाताने चौथे कलम वाढवले, की टर्मिनलमध्ये टंकलेली प्रत्येक कमांड मामांनी तारखेनिशी वहीत लिहून ठेवावी, आणि ती आधीच वहीत असल्यास फोन करून पुन्हा विचारू नये. मामांनी ते दोनदा वाचले, "रात्री दहानंतर" असे शब्द फोनच्या आधी घातले, आणि मग आपली सही केली.